पाणकणसातला तो आणि माझा स्टार्टर

आधीच कबूल करून टाकतो: ज्या पक्ष्याबद्दल लिहायला बसलोय, तो मी नीट पाहिलेला नाही. त्याची शेपूट पाहिली आहे. एकदा पोट पाहिलं, तेही उलट्या उजेडात. बाकी सगळा वेळ मी हलणारी काडी पाहिली. आमच्या घरात कुठलाही किस्सा सांगायचा झाला की मला पुढे करतात, कारण मी रंगवून सांगतो असा एक समज आहे. पण या किश्शाच्या वेळी बायको हमखास मध्ये बोलते. "पाहिलाय मी आणि सांगताहेत हे," असं म्हणते. खरंच आहे ते. तरी सांगतो, कारण यातली चूक मात्र माझी एकट्याची आहे आणि तिच्यात मी कुणाला वाटेकरी करू शकत नाही.

आमचा मळा एरंडोलच्या अलीकडे, पाटाच्या खालच्या अंगाला आहे. पाट वर्षानुवर्षं झिरपतो. दुरुस्त करा म्हणून अर्ज करणारे वडील होते, ते गेले. पाट झिरपतोच आहे. त्या झिरप्यानं विहिरीच्या पलीकडची पाच-सहा गुंठे जमीन बारमाही ओली राहते आणि तिच्यात पाणकणीस माजलंय. पुरुषभर उंच, हिरव्या पात्यांची नुसती भिंत, आणि वर तपकिरी मखमली कणसं. लहानपणी भाऊ आणि मी ती कणसं रॉकेलमध्ये बुडवून मशाली करायचो. त्या रानाचा यापलीकडे काही उपयोग असेल असं आम्हा दोघांना कधी वाटलं नाही.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. मुख्याध्यापक होता, आता निवृत्त होऊन धुळ्याला राहतो; शाळा सुटली तरी हातातली छडी सुटलेली नाही. मी जळगावला, ठिबक, मोटारी, स्टार्टर विकायच्या आणि बसवायच्या धंद्यात. आणि माय मळ्यावर, दोन खोल्यांच्या घरात, एकटी. शेती आबा निम्म्या वाट्यानं करतात. आबा सत्तरीचे, भला माणूस, पण ऐकायला कमी येतं. त्यामुळे जो शेवटचा बोलेल त्याला ते "बरोबर शे" म्हणतात. साक्षीदार म्हणून आबांचा काही उपयोग नाही, हे लक्षात असू द्या.

होळी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी सकाळी भाऊचा फोन.

"माय कोणाशी तरी भांडत होती."

"कोणाशी?"

"तेच तर! सहाला फोन केला मी. माझ्याशी बोलता बोलता एकदम बाजूला ओरडली, 'आते पुरे ना रे, गप बैस!' मी म्हटलं, कोणाला म्हणालीस? तर म्हणते, 'त्याले. पानीमा बसेल शे तो. सकायथीन बोली राह्यना.'"

"आबा असतील."

"आबा पाण्यात कशाला जाऊन बसतील?"

भाऊ पुढे म्हणाला, "मी दीड-दोन तासांवर आहे. तू पाऊण तासावर. जा, राहा एक दिवस आणि नीट बघ काय ते."

गेलो. माय ठणठणीत दिसली. मला पाहून म्हणाली, "भाऊनी धाडा ना तुले?" पोरांची चोरी पकडायची तिची हातोटी होती तशीच होती. आल्याचा चहा झाला, गावातल्या लग्नांची उजळणी झाली. वेडसरपणाचं मला तरी काही चिन्ह दिसेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी अंगणात दात घासत होतो. विहिरीच्या बाजूनं आवाज आला. कर्र-कर्र-कर्र, करीट-करीट, चक, चक. पुन्हा कर्र-कर्र. चांगला मोठा आणि खरखरीत. ब्रश तोंडात तसाच धरून मी उभा राहिलो.

दुसऱ्या कुणाला तो बेडूक वाटला असता, एखाद्याला भूत वाटलं असतं. मला तो स्टार्टर वाटला. व्होल्टेज कमी पडलं की मोटारीच्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर धड चिकटत नाही आणि धड सुटतही नाही. मधल्यामध्ये लटकून करकरत राहतो. वीस-एक वर्षं मी हा आवाज ऐकतोय. गिऱ्हाइकानं नुसता फोनवर ऐकवला तरी सांगतो, कॉइल गेली, घेऊन या. आणि हा स्टार्टर मीच बसवलेला, दिवाळीत, भाऊच्या देखत. झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळून मी म्हणालो होतो, "भाऊ, आता दहा वर्षं याला हात लावायला नको." दहा वर्षांतले पाच महिने झाले होते.

मोटारघराकडे जाणारी वाट पाणकणसाला खेटून जाते. मी निघालो, निम्म्या वाटेवर पोहोचलो आणि आवाज बंद. मोटारघरात गेलो तर स्टार्टर शहाण्या मुलासारखा गप. झाकण उघडलं, पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, स्क्रू आवळले, फुंकर मारली. अंगणात परतलो. कर्र-कर्र-करीट. परत गेलो. गप. परत आलो. करीट-करीट. चौथ्या खेपेला मी चपला काढून चोरपावलानं गेलो. स्टार्टरला चाहूल लागू नये म्हणून अनवाणी चालणारा मेकॅनिक खानदेशात मी पहिलाच असेन.

माय ओट्यावर गहू पाखडत हा सगळा खेळ पाहत होती.

"तुले बी ऐकू उना ना?"

"लाइटीचं आहे काहीतरी," मी म्हणालो.

"लाइटनं नही शे ते. जीव शे."

"हो हो," मी म्हणालो. मायला मी आयुष्यात किती वेळा 'हो हो' म्हणालो असेन याचा हिशेब वर कुठेतरी मांडला जात असणार.

दहाच्या सुमारास भाऊचा फोन. "काय? ऐकू आलं का तुला काही?"

इथे मी थोडा थांबतो, कारण सगळं इथेच झालं. 'आवाज येतोय, पण तो स्टार्टरचा असावा' एवढं वाक्य म्हणायला काय लागतं? पण मला पलीकडून भाऊचं हसणं ऐकू यायला लागलं. दहा वर्षं हात लावायला नको! घरातल्या प्रत्येक जेवणाला ते वाक्य वाढलं जाणार होतं. म्हटलं, गुपचूप नवा कॉन्टॅक्टर टाकून देऊ, कुणाला कळायचं कारण नाही.

"नाही," मी म्हणालो. "मला काही नाही आलं ऐकू."

पलीकडून भाऊ हळू आवाजात म्हणाला, "तेच वाटलं होतं मला."

त्यानंतर गोष्टी माझ्या हातातून भराभर निसटल्या. भाऊनं धुळ्यात एका डॉक्टरला विचारलं. नसलेले आवाज ऐकू येणं, त्यांना उत्तरं देणं, या वयात असं होऊ शकतं, एकटं ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले. मग भाऊनं जुनं सगळं बाहेर काढलं. माघ महिन्यात दूध दोनदा करपलं. आमटीत मीठ दोनदा पडलं. आणि खरी भीती तर ही, की त्या आवाजाला उत्तर द्यायला ती पहाटे पाणकणसाच्या कडेला जाऊन उभी राहते. तिथं चिखल, आणि त्या अंगाला विहिरीचा कठडा केव्हाच ढासळलेला. भाऊच्या भीतीला मी हसू शकत नव्हतो. ती खरी होती. खोटं होतं ते फक्त माझं 'नाही'.

भाऊनं ठरवलं: अखाजीला सगळे जमतोच आहोत, अखाजी झाली की मायला धुळ्याला न्यायचं. आणि निघण्याआधी, अखाजीच्या दुसऱ्या दिवशी, माणसं लावून पाणकणीस कापून टाकायचं.

"ते कशाला?"

"म्हणजे तिथं कोणी बसलेलं नाही हे तिला डोळ्यांनी दिसेल. रान मोकळं झाल्यावरही ऐकू येत राहिलं, तर मग शंकाच नको."

"आणि नाही आलं तर?"

"तर बरंच झालं की."

"म्हणजे आलं तरी धुळे आणि नाही आलं तरी धुळे?"

"तू उगाच फाटे फोडू नकोस," भाऊ म्हणाला. मी फाटे फोडायचे थांबवले. खरं तर मला त्याचं गणितच कळलं नव्हतं.

मायला फोनवर सांगायचं काम अर्थात माझ्याकडे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी नही येस," म्हणाली. "घागर कोन भरी?"

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा सण. त्या दिवशी पितरांच्या नावानं मातीची नवी घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवतात. वडील गेल्यापासून माय ती मळ्यावर, आमच्या विहिरीच्या पाण्यानं भरते.

"माय, पुढच्या वर्षी घागर काय, धुळ्यालाही भरता येईल."

"नळनी?"

म्हणजे नळाच्या पाण्यानं. मी विषय बदलला.

दरम्यान मी तीनदा मळ्यावर जाऊन आलो. कॉइल बदलली. मग कॉन्टॅक्टर बदलला. शेवटी अख्खा नवा स्टार्टर पिशवीत घालून नेला आणि माय गावात कीर्तनाला गेलेली असताना बदलून टाकला, अगदी त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा, कुणाला फरक कळू नये म्हणून जुन्याच्या झाकणावरची धूळसुद्धा नव्यावर चोपडली. समाधानानं बाहेर येऊन बांधावर बसलो.

कर्र-कर्र-कर्र, करीट.

त्या क्षणी मला पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या डोक्याची शंका आली. मायला नसलेला आवाज ऐकू येत असेल, तर तो मलाही येतोय. रक्तातच असेल. मग भाऊनं दोघांनाही घेऊन जावं धुळ्याला. आबा बांधावरून चालले होते, त्यांना विचारलं, "आबा, आवाज येतोय का हो?" आबा म्हणाले, "बरोबर शे."

अखाजीच्या आदल्या दिवशी बायकोला घेऊन मळ्यावर मुक्कामाला गेलो. कुंभाराकडून आणलेली नवी घागर भरण्याआधी पाण्यात बुडवून भिजवावी लागते. ते काम घेऊन बायको पाणकणसाच्या कडेला गेली. घागर पाण्यात आडवी करून हातानं दाबून धरली की तिच्यातून बुडबुडे निघत राहतात. ते थांबेपर्यंत बसायचं. बायको बसली. काही न करता बसणं हे तिला जमतं. मला जमत नाही. मी बसलो तरी खिशातला टेस्टर काढून फिरवत असतो.

थोड्या वेळानं पाहिलं तर ती मला हात हलवून बोलावत होती, न बोलता. मी धावत गेलो. हातात स्क्रू ड्रायव्हर होता. पोहोचेपर्यंत एक काडी तेवढी थरथरत होती.

"गेला!" बायको कपाळाला हात लावून म्हणाली. "अहो, एवढं धावायचं काय होतं?"

"कोण गेला?"

"आईंचा तो."

तिनं जे पाहिलं ते असं. चिमणीहून जरा मोठा, अंगानं लांबट, वरून मातकट, खालून मळक्या पांढऱ्या रंगाचा पक्षी. डोळ्यावर फिकट भुवई. पाण्यालगत एका काडीच्या बुडाशी होता. एक पाय या काडीवर, दुसरा त्या काडीवर, असा फाकून उभा. तसाच सरकत सरकत वर चढला, पण टोकापर्यंत नाही. पात्यांच्या आतच थांबला. गळा फुगवला, डोक्यावरची पिसं उभी राहिली, चोच उघडली. आतून तोंड लालभडक. आणि त्या वीतभर देहातून तो आवाज आला. "तुमचा कॉन्टॅक्टर," बायको म्हणाली. दीड महिना गुपचूप चाललेला माझा उद्योग तिला माहीत होता, हे मला तेव्हा कळलं.

"तुम्ही स्टार्टरला विचारलंत," ती म्हणाली. "आईंना विचारलंत का एकदा तरी, तो आहे कोण म्हणून?"

नव्हतं विचारलं. आता जाऊन विचारलं.

"पाखरू शे," माय पुरणाची डाळ निवडता निवडता म्हणाली. "दुसरं काय व्हई? पानीमा कोन मानूस बसी ऱ्हाई का? येडा शे का तू?"

मग मला तिथंच, त्याच संध्याकाळी भाऊला फोन करायला हवा होता. केला नाही. उद्या येतोच आहे, समोरासमोर सांगू, म्हटलं. शिवाय सुरुवात कुठून करायची? पक्ष्यापासून केली तर स्टार्टर निघतो, स्टार्टरपासून केली तर माझं 'नाही' निघतं. मी वाक्यं जुळवत राहिलो.

अखाजीला सकाळी भाऊ आला. नव्या सदऱ्यात होता, पण चेहरा उतरलेला. मायची ट्रंक कुठे आहे हे त्यानं आल्या आल्या नजरेनं शोधलं, ते मी पाहिलं. मायनं विहिरीच्या पाण्यानं घागर भरली, वर डांगर ठेवलं. भाऊनं निखाऱ्यांवर वडिलांच्या नावानं तूप आणि पुरणपोळीचा घास टाकला. आमच्याकडे याला आगारी म्हणतात. धूर वर गेला. आम्ही सगळे ओट्यावर पानावर बसलो, आबासुद्धा. आमरस वाढला गेला. मी पहिला घास घेतला आणि जुळवलेलं पहिलं वाक्य तोंडात आणलं. तेवढ्यात,

कर्र-कर्र-कर्र! करीट-करीट! चक!

माय मान वर करून म्हणाली, "उना."

भाऊचा हात ताटातच थांबला. त्यानं आधी मायकडे पाहिलं, मग विहिरीकडे, मग माझ्याकडे. त्याला ऐकू आलं होतं. मी सुटलो, असं मला वाटलं.

"अरे," भाऊ म्हणाला, "हा तर तुझा स्टार्टर करकरतोय!"

शेवटी तोही याच मळ्यातला. वडिलांच्या वेळच्या जुन्या स्टार्टरसमोर दोघांचंही बालपण गेलेलं.

"स्टार्टर नाही भाऊ. पक्षी आहे तो."

"पक्षी?"

"पाणकणसात राहतो. हिनं पाहिलाय."

भाऊनं पोळीचा तुकडा खाली ठेवला. "म्हणजे स्वतःच्या मालाची चूक झाकायला आता पक्षी काढलास?"

"अरे, खरंच..."

"दहा वर्षं हात लावायला नको म्हणे! आणि थांब. हा आवाज मायला येत होता? हाच? आणि तू मला काय सांगितलंस? काही ऐकू येत नाही?"

मी आमरसाच्या वाटीत पोळी बुडवत राहिलो.

"मी डॉक्टरकडे जाऊन आलो," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "दीड महिना मला झोप नाही. माझी आई... आणि तू स्टार्टरपायी..."

"भाऊ, पक्षी आहे तो," बायको म्हणाली. "मी पाहिलाय."

"तुम्ही त्याची बाजू घेणारच."

अशा वेळी तोडगा काढला तो मायनं. तिनं माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि सहज म्हणाली, "जाय, फ्यूज काढी ली ये."

मी उष्ट्या हातानं उठलो. मोटारघरात गेलो, मेन पाडला, तिन्ही फ्यूज उपसले आणि ओट्यावर येऊन भाऊच्या ताटाशेजारी ठेवले. आता आमच्या मळ्यात विजेचा कण नव्हता. सगळे थांबलो. रस गरम होत होता. आबा जेवत होते.

कर्र-कर्र-कर्र, करीट-करीट-करीट!

भाऊनं फ्यूजकडे पाहिलं. पाणकणसाकडे पाहिलं. मग हसायला लागला. तो डोळे पुसत हसत होता की नुसतेच डोळे पुसत होता, मला सांगता येणार नाही. "वीस वर्षं," तो म्हणाला, "वीस वर्षं हा माणूस लोकांच्या मोटारी दुरुस्त करतोय, आणि मेन पाडून बघावं हे याला सुचलं नाही!"

"बरोबर शे," आबा म्हणाले.

मग भाऊ मायकडे वळला. "पण माय, पाखरू आहे तर त्याच्याशी बोलतेस कशाला?"

"आठे बोलाले कोन शे?" माय म्हणाली. "तो बोलस, मी बोलस. आबासंगे बोलू का?"

भाऊनं तिच्या वाटीत रस वाढला.

त्या दिवशी ट्रंक बाहेर निघाली नाही. कापणीची माणसं भाऊनं फोन करून थांबवली. पण भाऊ म्हणजे भाऊ. दूध दोनदा करपलं होतं ते करपलंच होतं. त्यानं दोन अटी घातल्या. एक, विहिरीचा कठडा मी पदरमोड करून बांधायचा. दुसरी अशी: "पाखरू बोलतंय तोवर ठीक आहे. पण पाखरू गप्प झालं आणि हिला तरी ऐकू येत राहिलं, तर धुळे. आणि या वेळी मला खरं सांगायचं."

मी शपथ घेतली. निखाऱ्यावर अजून धूर होता, म्हणजे वडिलांच्या समोरच.

त्यानंतरचे दोन महिने मी दर रविवारी बांधावर बसलो. टेस्टर घरी ठेवून. बायकोनं वाचनालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. त्यात वटवट्या नावाचे चार-पाच पक्षी ओळीनं छापलेले, सगळे मातकट, सगळे सारखे. आपला नेमका कोणता यावर आमचं एकमत झालं नाही. पण सवयी हळूहळू कळत गेल्या. त्याला बघायचं नसतं, वाचायचं असतं. कुठली काडी वाऱ्याशिवाय हलली, कुठलं पातं उगाच वाकलं, यावरून तो कुठे आहे ते समजायचं. वारा सुटला की तो बुडाशी उतरतो आणि मग सगळ्याच काड्या हलतात. त्या दिवशी घरी जायचं. उघड्यावर तो उडतच नाही. उडाला तरी पाण्याला घासून, दोन हात, की पुन्हा आत. घार डोक्यावरून गेली की वाक्य अर्धवट सोडतो. मात्र मायनं ओट्यावरून भांडं आपटलं तरी बोलणं चालू. माणूस वाटेवर आला की गप्प, माय आली तर नाही. हे असं का, मला कळलेलं नाही. मायला विचारलं तर म्हणाली, "तू दखाले जास. मी नही जास." म्हणजे मी बघायला जातो, ती जात नाही.

आणि त्यांचं घर सापडलं, तेही बायकोलाच. पाण्यापासून हातभर उंचीवर, चार उभ्या काड्यांना मिळून विणलेली खोल वाटी. काड्या हलल्या की वाटीही हलते, पण कलंडत नाही. मी ते पाहिलं ते लांबून. आत कुणीतरी बसलेलं होतं. मला दिसलं ते वाटीच्या काठावरचं शेपटाचं टोक.

पाऊस लागला, पाणकणीस आणखी वाढलं, पिलं झाली असावीत. आणि श्रावण सरता सरता आवाज कमी होत होत थांबला. पुस्तकात लिहिलंच होतं की घरट्याचा हंगाम संपला की हे सहसा बोलत नाहीत. असतात तिथंच, किंवा नसतातही. कळायला मार्ग नाही.

दसऱ्याच्या आधी भाऊचा फोन आला. "मायला विचारलं मी. म्हणते, रोज बोलतो."

"हं."

"पुस्तकात काय आहे?"

"गप्प असतो म्हणून आहे."

"मग जाऊन ऐक. आणि मला खरं सांग."

गेलो. कठडा नवा, पांढरा, सुंदर दिसत होता. सकाळी सहाला ओट्यावर बसलो. माय शेजारी चहा घेऊन. दव पडलेलं, पाणकणसाची कणसं फुटून कापूस उडत होता. मी कान देऊन बसलो. काही नाही. तासभर काही नाही. मायकडे बघायचं मी टाळत होतो. वडिलांसमोर घेतलेली शपथ आठवत होती आणि आतल्या खोलीतली ट्रंकही.

आणि मग आला. बारीक, लांबून, पण आला. कर्र-कर्र-कर्र.

माझा जीव भांड्यात पडला. भाऊला तिथूनच फोन लावला. "भाऊ, आलं ऐकू. आत्ताच. मी माझ्या कानानं ऐकलं."

"नक्की?"

"शपथ."

"बरं," भाऊ म्हणाला, आणि सुटकेचा असा सुस्कारा टाकला की मला कळलं, मायला न्यायचं त्यालाही नव्हतंच. "राहू दे मग तिला."

फोन ठेवला. माय माझ्याकडे पाहत होती. कप खाली ठेवून म्हणाली, "तो आज बोलना नही."

"अगं, आत्ता तर आला आवाज."

"हाई तुन्हा स्टार्टर शे," माय म्हणाली. "दखी ये."

मी गेलो. या वेळी चपला घालूनच गेलो. नवा कोरा स्टार्टर, झाकणावर मी चोपडलेली धूळ, आणि आत कॉन्टॅक्टर लटकून करकरत होता. मेन पाडला. आवाज बंद झाला. मग मी तिथंच अंधाऱ्या मोटारघरात, मेनवर हात ठेवून, बाहेर पाणकणसातून काही येतंय का ते ऐकत उभा राहिलो.

मायनं आज तो बोलला नाही म्हणून सांगितलं. म्हणजे ती फरक ओळखते, माझ्याहून चांगला ओळखते. मग बाकीच्या दिवशी बोलतो म्हणते ते खरंच असणार. की बाकीच्या दिवशीही स्टार्टरच? की दोन्हीही नाही? आणि मी भाऊला सांगितलं ते खोटं झालं, की नुसतं चुकलं?

मोटारघरातून बाहेर आलो तर ओट्यावरून मायचा आवाज येत होता. पाणकणसाकडे तोंड करून ती कुणाला तरी म्हणत होती, "काय रे, आज कसाले रुसना?"

भाऊला परत फोन करायचा की नाही, हे मी अजून ठरवतोय.